परीक्षेची पेशंट

माझ्या काळजाला जन्मापासून एक भोक आहे. ते कळलं मात्र पंचेचाळिशीत, खोकला हटेना म्हणून मिरजेला मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा. तिथल्या मॅडमनी छातीला नळी लावली, हसल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या दहा-बारा पोरापोरींना आत बोलावलं. मला वाटलं, आपलं काही खरं नाही, शेवटचं बघून घ्या म्हणून बोलावताहेत. तसं नव्हतं. भोक बारीक होतं, आणि बारीक भोकातून रक्त जोरात जातं म्हणून आवाज मोठा येतो. "यानं तुम्हाला काही होत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण असा आवाज मुलांना पुस्तकात ऐकायला मिळत नाही." छातीवर हात ठेवला तरी थरथर लागते. आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला की लागते, तशी.

त्या दिवसापासून मी परीक्षेची पेशंट झाले. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला खरे आजारी लागतात. आजार जुना हवा, न बदलणारा हवा, आणि माणूस तासभर खाटेवर बसू शकेल असं हवं. अशा लोकांचे पत्ते दवाखान्याच्या वहीत लिहून ठेवलेले असतात. परीक्षा आली की गावाला पोस्टकार्ड यायचं. गिरणी दिराच्या स्वाधीन करून मी तासगावकडून येणारी एसटी धरायची. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं मी हे केलं.

पोरं हुशार होती, यात वाद नाही. पण माणसाशी बोलायची रीत एकालाही नव्हती. यायचं, तोंडाकडं न बघता "पदर काढा" म्हणायचं, थंडीच्या दिवसांत बर्फासारखी चकती छातीला लावायची, आणि माझ्या डोक्यावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं. भोकाचं इंग्रजी नाव व्हीएसडी. ते नाव मलाच पडलं. एकदा मी पडद्यामागं असताना एकजण ओरडत आला, "अरे, व्हीएसडी कुठं गेली?" मी आतूनच सांगितलं, "व्हीएसडी लघवीला गेलीय, थांब जरा."

प्रश्न विचारायचे ते एका दमात. धाप लागते का छातीत दुखतं का पायाला सूज येते का झोपेतून दचकून उठता का. एकाला मी म्हटलं, "बाबा, ह्यातल्या कशाला व्हय म्हनू?"

"सगळ्यालाच म्हणा मावशी," तो म्हणाला, "मला वेळ कमी आहे."

तंबाखू खाता का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारायचा. मी नाही म्हणायची, ते नाही लिहायचे. रोज सकाळी मी मिसरी लावत होते. बोट काळं, दात काळे. पण तंबाखू मी खात नव्हते, लावत होते, आणि लावता का असं कुणी विचारलं नव्हतं.

परीक्षेच्या पेशंटांची एक जुनी रीत होती. आपल्या आजाराचं नाव आम्हाला पाठ असे. परीक्षा देणाऱ्याला ते हळूच सांगायचं की नाही, हे आमच्या हातात. शेजारच्या खाटेवर जतकडचे एक धनगर म्हातारबाबा असायचे. त्यांची पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, वाढून बेंबीपर्यंत आलेली. ते बिडीबंडल घेतल्याशिवाय नाव सांगत नसत. मी काहीच घेत नसे. जो नीट वागेल त्याला सांगायची, जो वागणार नाही त्यानं बसावं डोकं खाजवत.

म्हातारबाबांना हे पटत नव्हतं. "आवं बाई, तुमी फुकटात सांगून टाकताय. मग माज्या बिडीला कोन इचारनार?"

"तुमची पानथरी आंधळ्याच्याबी हाताला लागंल. तिला बिडी कशापायी?"

"हाताला लागंल वो. पर नाव सांगाया तोंड लागतंय, आन् तोंडाला बिडी लागती."

एका परीक्षेच्या आधी सरावाला आलेल्या पोरानं पडदा न ओढता माझ्या पोलक्याला हात घातला. पलीकडं दोन पुरुष नातेवाईक डबा घेऊन उभे होते. मी त्याच्या हातावर चापट मारली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. गिरणीत बोलून बोलून माझा आवाजही मोठा आहे, तोही लावला. मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता वहीतून पत्ता खोडणार. त्या म्हणाल्या, "दर गुरुवारी येऊन मारायला जमेल का?"

मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मी काय शिकवणार?

"मी हेच सांगते तर ते मान हलवतात आणि विसरतात. त्यांना माझं ऐकायची सवय झालीय, म्हणून ते ऐकत नाहीत."

असे माझे गुरुवार सुरू झाले. बाहेरच्या खोलीत एक स्टूल, त्यावर मी, समोर वीस-पंचवीस पांढरे कोट. एकेकानं पुढं येऊन मला विचारायचं, आणि मी चुका सांगायच्या. मी दिसेल अशा ठिकाणी उभा राहा. हात लावायच्या आधी सांग. चकती तळहातावर घासून गरम कर. एक प्रश्न विचारला की तोंड मीट. "काही होत नाही" हे शब्द काढू नकोस, होतंय म्हणूनच माणूस मिरजेपर्यंत आलंय. एवढंच. यात शाळा लागावी असं काय आहे? घरी आलेल्या माणसाला आपण पाणी देतो, ते कुणी गुरुवारी शिकवत नाही.

पण मी जे सांगितलं त्याचं त्यांनी काय केलं? पाठ केलं. दोन महिन्यांत सगळे एका सुरात बोलायला लागले. "नमस्कार मावशी, जेवलात का, मी तुम्हाला तपासणार आहे, माझे हात गार आहेत त्याबद्दल माफ करा, काही त्रास झाला तर सांगा." पूजेला भटजी म्हणतो तसं, श्वास न घेता. उन्हाळ्यातसुद्धा हात गार. एकाला मी जेवले नाही म्हणून सांगितलं, तर तो "छान" म्हणाला आणि पुढं गेला. वॉर्डात एक अर्धांगाचा माणूस होता, वाचा गेलेली. त्याच्या उशाशी एकजण हात जोडून म्हणत होता, "काही त्रास झाला तर सांगा." त्याच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार, हे मीच शिकवलंय?

मॅडम मात्र खूश होत्या. "निदान पडदा ओढतात," म्हणाल्या. ते खरं होतं. मी वैतागून घरी जायची आणि पुढच्या गुरुवारी परत यायची. परीक्षेला मी अजून त्याच वाक्यांवर आजाराचं नाव सांगत होते. नीट वागणं ओळखायचं दुसरं काही माप माझ्याकडं नव्हतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील विट्याकडचे, गलाईवाले, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा करणारे. त्यांचं दुकान पार मदुराईला. ती तिकडंच वाढली, शाळा तिकडची, आणि मराठी आजीकडून ऐकलेली तेवढीच. हाय, न्हाई, कवा, तवा. इतकं खेड्यातलं बोलणारी दुसरी पोरगी त्या कॉलेजात नव्हती. बाकीची तिला हसायची, म्हणून ती मागं बसायची. ती शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाली होती. एका गुरुवारी तोंड उतरलेलं दिसलं म्हणून मी कारण विचारलं, तर तिनं लपवलं नाही. बाप म्हणाला होता, तिसऱ्यांदा बस, पण ही शेवटची. या वेळी झालं नाही तर दिवाळीनंतर लग्न. पोरगा ठरलेला, गलाईचाच, दुकान सेलमला.

"मग नीट बोलाया शीक," मी म्हटलं. "तुजी इद्या पोटात ऱ्हाऊन काय उपेग?"

नीट बोलायला ती शिकलीच नाही. ती पाठ केलेली वाक्यं तिला जमत नव्हती, मध्येच अडकायची आणि सोडून द्यायची. एकदा तिनं मला वर्गापुढं विचारलं, "दम कवा लागतो?" मी म्हटलं, जिना चढताना. झालं, पुढं काही नाही. नुसती माझ्याकडं बघत बसली.

"पुढं इचार की. झोपलीस काय?"

"न्हाई वो. तुमचं सांगून संपलं न्हाई असं वाटलं."

सगळा वर्ग हसला, मीही हसले. मॅडमना सांगितलं, हिचं अवघड आहे. खरं म्हणजे माझं संपलं नव्हतं. जिन्यापेक्षा गव्हाचं पोतं उचलताना जास्त दम लागे. पण ते बोलले असते तर पोती उचलू नका म्हणून कुणीतरी सांगितलं असतं, आणि गिरणी काय त्यांनी येऊन चालवली असती?

त्या वर्षीच्या परीक्षेचं कार्ड आलं तेव्हा मला तीन आठवडे ताप येत होता. संध्याकाळी चढायचा, रात्री घाम येऊन उतरायचा. मी गोळी घ्यायची आणि कामाला लागायची. महिन्यापूर्वी सांगलीला जाऊन दाढ काढली होती. कार्डावर लिहिलं होतं, तब्येत ठीक असेल तरच या. ताप असला तर परीक्षेला बसवत नाहीत, वॉर्डात घालतात, आणि जागेवर दुसरं कुणी आणतात. दुसरं कुणी कोण, तेही मला माहीत होतं. कवठ्याकडची एक सून सापडली होती, तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मला ते खपलं नाही. सकाळी एक गोळी घेतली, अकराला दुसरी, आणि जाऊन खाटेवर बसले.

म्हातारबाबा बघतच राहिले. "बाई, डोळं लाल दिसत्यात. ताप हाय काय?"

"गप बसा. तुमची बिडी बघा."

पहिला पोरगा आला, सगळी वाक्यं म्हणाला, त्याला मी नाव सांगून टाकलं. तो आभार मानून उरलेला वेळ घड्याळ बघत बसला. दुपारी बाराला ती विट्याची मुलगी आली.

नमस्कार नाही, जेवलात का नाही. पडदा ओढला, स्टूल ओढलं, बसली. मनात म्हटलं, एवढे गुरुवार फुकट गेले. हिला मी काही सांगणार नाही, बाप लग्न लावो नाहीतर काशीला पाठवो. छातीला नळी लावून तिनं भोक दोन मिनिटांत ओळखलं, तेही माझ्या मदतीशिवाय. याचाही मला राग आला.

ते झाल्यावर उठायचं सोडून तिनं माझा हात हातात घेतला आणि नखं बघायला लागली. नखांखाली बारीक काळपट रेघा होत्या, कुसळं रुतल्यासारख्या.

"ह्ये कवापासनं?"

"गिरनीत लागलं आसंल."

"मिसरी लावता न्हवं? तोंड उघडा बगू." मी उघडलं. "दाढ कवा काढली?"

"झालं की लय दिस."

"ताप येतो?"

"न्हाई."

"रातीला घाम?"

"न्हाई म्हनलं की. भोकाचं इचार. परीक्षा भोकाची हाय."

ती बसून राहिली. तशीच, वर्गात बसली होती तशी, माझ्याकडं बघत. मी भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, "मावशी, पोलकं किती ढिलं झालंय. कवा शिवलेलं?"

दिवाळीला शिवलेलं होतं, अंगाबरोबर. मी म्हटलं, "माज्या कापडाचं तुला काय करायचं?" तिनं ते पण कागदावर लिहिलं असावं. बराच वेळ लिहीत होती.

मग दोन परीक्षक आले. बाहेरगावचे जे मोठे होते ते उंच, गोरे, घाईतले. तिनं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. व्हीएसडी मला कळलं, परीक्षकांनी मान हलवली. तिनं तिथंच थांबायचं होतं. पण ती पुढं बोलत राहिली, आणि ताप हा शब्द इंग्रजीत आला तसा त्यांनी हात वर केला. माझ्यासमोरच मराठीत बोलले.

"तूच लिहिलंयस, पेशंट तापाला नाही म्हणते. आणि म्हणतेस भोकाच्या जागी जंतू बसले असावेत. पेशंटचं ऐकायचं नसेल तर विचारतेस कशाला?"

"सर, थर्मामीटर लावून बघूया," ती म्हणाली.

सिस्टरनी आणून लावला. दोन गोळ्या पोटात होत्या. काही निघालं नाही. परीक्षकांनी थर्मामीटर तिच्या डोळ्यांपुढं धरला आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला चीड आली असती आणि मी गप्प राहिले असते, मी अशीच आहे. ती नुसती हातातला कागद बघत उभी होती. सेलमचं दुकान तिला दिसत असणार. मलाही दिसलं.

"गोळी घेतलीय म्या," मी म्हटलं.

"काय?"

"तापाची. सकाळी एक आन् अकराला एक. तीन हप्तं ताप येतोय. घामबी येतोय. दाढ महिन्यापूर्वी काढली. ती खरं सांगतीया, खोटं म्या सांगितलं."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुमी मला इचारलं कुटं? तुमी तिलाच इचारताय."

पलीकडच्या खाटेवरनं म्हातारबाबा ओरडले, "म्या सकाळीच म्हनलं हुतं! डोळं लाल हायती!"

परीक्षकांनी टोपण परत लावलं, स्टुलावर बसले आणि माझी नखं बघायला मागितली. मग तिला इंग्रजीत बरंच काही विचारलं. ती उत्तरं देत होती, हळू, पण थांबत नव्हती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तासाभरात मला खाटेसकट आतल्या वॉर्डात नेलं.

मॅडम आल्या त्या ओरडतच. दाढ काढायच्या आधी औषध घ्यायचं असतं, नाहीतर तोंडातले जंतू भोकापर्यंत जातात, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आणखी महिना अंगावर काढला असता तर तुम्ही मेला असता, म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं, दिवसातून चार वेळा. कवठ्याच्या सुनेला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. आवाज तिचा खरंच चांगला होता म्हणे.

पहिल्याच गुरुवारी मॅडमनी मला चाकांच्या खुर्चीवर बसवून वर्गात नेलं. "सांगा यांना, का खोटं बोललात."

काय सांगायचं? मी सांगितलं ते असं. घरी काम होतं. परीक्षेला माझ्यावाचून अडतं असं मला वाटत होतं. आणि तिसरं, मी शिकवलं तसं ती बोलली नाही म्हणून मला तिचा राग होता. जे बोलले त्यांना मी उत्तरं दिली, आणि त्यांतल्या एकानंही मला ताप येतो का विचारलं नव्हतं. तो पहिला पोरगा पुढंच बसला होता. त्यानं मान खाली घातली. बरं झालं.

मागनं एकानं हात वर केला. "मावशी, मग पेशंट खोटं बोलतोय हे ओळखायचं कसं?"

"पोलकं बघा," मी वैतागून म्हटलं.

खाली माना घालून सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

निकाल लागला तेव्हा माझी इंजेक्शनं संपली नव्हती. ती पास झाली, जेमतेम. लग्न मोडलं नाही, नुसतं वर्षभर लांबलं. बापाला तेवढंच कबूल होतं. पास झालेल्यांना वर्षभर वॉर्डात राबावं लागतं, तशी तिची पाळी शेवटच्या आठवड्यात माझ्या खाटेवर आली. डॉक्टरीणबाई झाली होती, पण हाताला शीर सापडत नव्हती. माझे दोन्ही हात तोवर काळेनिळे झालेले. एकदा टोचलं, चुकलं. दुसऱ्यांदा टोचलं, फुगलं. तिच्या कपाळावर घाम आला. मी तिला बोलायचं ते बोलले, तिच्या गावाला, कॉलेजला, हातांना. तिनं ऐकून घेतलं, गरम पाण्याचं फडकं आणून माझ्या मनगटावर ठेवलं आणि ते निवेपर्यंत बसून राहिली. तिसऱ्यांदा शीर लागली.

"जळतंय," मी म्हटलं.

तिनं इंजेक्शनच्या दट्ट्यावरचं बोट उचललं आणि थांबली. मी हं म्हणेपर्यंत पुढचं औषध सोडलं नाही.